ते घरात असताना

गेल्या महिन्यात विट्याला गेले होते. दिवेलागण होऊन गेलेली, तात्या सोप्यात कॉटवर पेपर घेऊन बसलेले, आई आत भाकऱ्या थापत होती. मी सहज मोबाईलवर तिचं गाणं लावलं. तिचं म्हणजे ‘पिया बिन नाहीं आवत चैन’, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. आमच्या घरात ‘आईचं गाणं’ म्हटलं की हेच एक. जुन्या तबकडीची खरखर झाली, खाँसाहेबांचा तो बारीक, धारदार सूर लागला न लागला, तोच आई पिठाच्या हातांनी उंबऱ्यापाशी आली. “बंद कर गं ते.” आवाज चढवला नव्हता, पण घाई होती. मी बंद केलं. तात्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. आई आत गेली, भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि जेवताना विषय निघाला तो टेंभू योजनेच्या पाण्याची पाळी कधी येणार याचा.

गाणं नावडतं झालं असतं, तर मला काही वाटलं नसतं.

पण तसं नव्हतं. त्याच दिवशी दुपारी तात्या बँकेत गेले होते तेव्हा तिनंच म्हटलं होतं, “लाव की जरा माझं.” भिंतीला टेकून, पाय लांब करून, डोळे मिटून तिनं ते ऐकलं होतं, संपल्यावर पुन्हा लावायला लावलं होतं. दारात तात्यांच्या चपला वाजल्या तशी ती उठून चहाला गेली होती. तेव्हा मला त्यात काही जाणवलं नाही. संध्याकाळी जाणवलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं सांगलीला परत येताना तासगावपर्यंत डोक्यात तेच होतं. बाहेर द्राक्षबागा, बेदाण्याच्या शेड, ओळखीचं सगळं मागं पडत होतं आणि मी आठवत होते, तात्या घरात असताना आईनं हे गाणं कधी ऐकलंय का? दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते, गावाबाहेर पांगलेले सगळे गलाईवाले तेव्हा घरी येतात. तात्याही यायचे. त्या दिवसांत घरात माणसं मावायची नाहीत, रेडिओ कपाटावर जायचा. जत्रेला यायचे, तेव्हाही तेच. मला एकसुद्धा प्रसंग आठवला नाही की तात्या समोर आहेत आणि हे गाणं चाललंय.

गलाई म्हणजे काय ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. विटा, खानापूर, आटपाडी, पलीकडं माण-खटाव, पावसानं पाठ फिरवलेला हा सगळा पट्टा. इथल्या माणसांनी देशभर जाऊन सोनं-चांदी गाळायचं काम धरलं. केरळात जा, आसामात जा, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात एखाद्या जिन्याखाली भट्टी पेटलेली असते आणि तिच्यासमोर आपल्याकडचा माणूस बसलेला असतो. तात्या विल्लुपुरमला होते. मद्रासच्या पुढं. आधी दुसऱ्याच्या दुकानात, मग भागीत. जुने दागिने मुशीत घालायचे, आटवायचे, ॲसिडमध्ये शुद्ध करायचे, टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढून सोनाराच्या हवाली करायचे. सोनारांच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा धुऊन तिच्यातलं सोनं काढायचे. मी लहानपणी एकदा सुट्टीत तिथं गेले होते. नायट्रिक ॲसिडचा तो तांबूस धूर वर चढायचा, घशात आंबट खरखर व्हायची. तात्यांची नखं पिवळी होती. घरी आल्यावर आई त्यांना लिंबाच्या फोडी द्यायची हातांना चोळायला, पण ती नखं कधी उजळली नाहीत, अजूनही उजळलेली नाहीत. लग्न झालं आणीबाणीच्या वर्षात, आणि परत आले ते आत्ता, गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी नको म्हटल्यावर. मधली उभी हयात आई इथं, तात्या तिथं. आमच्या आळीत हे वेगळं नव्हतं. निम्म्या घरांतून हेच होतं. फक्त इतर घरांत हे गाणं नव्हतं.

ते आलं मिरजेहून. आई मिरजेची, आजोबा रेल्वेत गार्ड. जंक्शनचं गाव, कुठल्याही वेळी इंजिनांचा आवाज, आणि त्यातून वेळ काढून आजोबा गाण्याच्या मागं. दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ, म्हणजे चादर, चढला की पुढं गाण्याच्या रात्री असत. दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेब बसून गायचे म्हणून तिथंच पुढच्या पिढ्यांनीही गायचं, अशी ती रीत. आजोबा आईला खांद्यावर घेऊन जायचे, ती झोपायची आणि पहाटे भैरवीला जागी व्हायची. घरात एक जुना फोनो होता, किल्लीचा. ही तबकडी त्यावर झिजेपर्यंत वाजली. तीनेक मिनिटांचं गाणं, शब्द मोजके, फिरून फिरून मुखडा. आजोबा तिला सांगायचे, गदगमध्ये एका पोरानं ही तबकडी ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं, १९३३ साली. पोरगं अकरा वर्षांचं. पुढं ते भीमसेन जोशी झाले. आईला ही गोष्ट फार आवडते. अजूनही सांगते ती कुणाकुणाला.

मला आजोळच्या मिरजेतलं जास्त आठवतं ते सतारमेकर गल्लीतलं. दारात वाळत ठेवलेले मोठाले भोपळे, आत तुणाच्या लाकडाचा भुसा, लाखेचा आणि पॉलिशचा वास. आई मला मुद्दाम तिथं न्यायची. एका दुकानात एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तार नीट झंकारावी म्हणून तिच्याखालची घोडी घासत, बसलेले होते. तंबोरा आडवा मांडीवर. घोडीवरून ते कानस इतकी हळू फिरवत की काही झिजतंय असं वाटायचंच नाही. मग तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा कानस. तासभर आम्ही उभ्या होतो. शेवटी त्यांनी तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला आणि बोटानं पुढं-मागं केला. एका जागी तार मुकी होती. त्याच्या केसभर अलीकडं ती नुसती कर्कश वाजत होती. आणि मधेच कुठंतरी, त्या दोघांच्या मधे, ती उघडली. म्हणजे खोली भरून गेली. एका तारेतून इतके सूर कुठून आले ते मला कळेना. कारागीर आईकडं बघून हसले. आई रडत होती. मी तिचा पदर ओढून विचारलं, काय झालं, तर म्हणाली, “काही नाही, आजोबांची आठवण झाली.” आजोबा तेव्हा जिवंत होते, पाच मिनिटांच्या अंतरावर क्वार्टरमध्ये.

लग्नात फोनो मामाकडं राहिला, तबकडी कुणाच्या तरी हातून फुटली. विट्याच्या घरात गाण्याचं वारं नव्हतं. पहिल्या दिवाळीला तात्यांनी मद्रासहून ट्रान्झिस्टर आणला. आमच्याकडं मीडियम वेव्हवर १२५१ ला सांगली केंद्र लागतं, १९६३ पासूनचं ते. आई सांगते, की पहिल्या वर्षी तात्या परत गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी असेल, दुपारी ती धान्य निवडत होती आणि रेडिओवर अचानक हे गाणं लागलं. तिच्या हातातलं सूप तिथंच राहिलं. त्यानंतर ती शास्त्रीय संगीताच्या वेळा पाठ करून बसली. लागायचं कधीमधी, वर्षातून एखाद-दोन वेळा. तेवढ्यासाठी बाकीचं सगळं ऐकायची. मी शाळेतून यायचे तेव्हा तिचा चेहरा बघून मला कळायचं की आज लागलं होतं. त्या दिवशी ती आमच्यावर ओरडायची नाही, आणि रात्री जेवायचीही नाही.

मी मोठी होत गेले तसा मला ह्या गाण्याचा राग यायला लागला. राग तात्यांचा होता, पण तात्या समोर नव्हते आणि गाणं होतं. पैसे वेळेवर यायचे, घरावर स्लॅब पडला, विहीर खोल झाली, भावाचं शिक्षण झालं. तक्रारीला जागा नव्हती, आणि तीच मोठी तक्रार होती. आईची ऐन उमेदीची वर्षं सासू-सासऱ्यांचं करण्यात, दुष्काळात टँकरमागं धावण्यात आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या एका गाण्याची वाट बघण्यात गेली, असं मला वाटायचं. ‘पिया बिन’ म्हणजे ती, चैन नाही ती तिला, आणि ‘पिया’ तिकडं मुशीपुढं बसलेला. गाण्याचा अर्थ लावायला मला कधी दुसरं काही सुचलंच नाही. ठुमरीतली नायिका बाईच असते, विरह तिचाच असतो, ती झुरते आणि तो लांब असतो. सगळं जुळत होतं.

खाँसाहेबांबद्दल वाचायला लागले तेव्हाही मी जुळवतच गेले. ते उत्तरेतल्या कैरान्याहून आले, बडोद्यात ताराबाई माने त्यांच्या आयुष्यात आल्या, दोघांनी बडोदं सोडलं. हिराबाई बडोदेकर जन्मल्या त्या मिरजेतच, १९०५ साली. सुरेशबाबू माने, सरस्वतीबाई राणे ही सगळी त्यांचीच मुलं. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, मुलांनी बापाचं नाव टाकलं आणि नवी नावं घेतली. त्यानंतर खाँसाहेबांचं गाणं बदललं, अंतर्मुख झालं, असं जाणकार सांगतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, सापडलं, ह्या आवाजातलं दुखणं इथलं आहे. आता तसं वाटत नाही. बदललं असेलही गाणं. पण ठुमरी गाणाऱ्यापेक्षा जुनी असते. ताराबाई भेटण्याच्या कितीतरी आधीपासून कुणीतरी पियाविना बेचैन होतंच. आणि खाँसाहेबांनी तो सूर लावताना मनात कोण धरलं होतं, हे आपण सालांच्या हिशेबानं ठरवणं मला आता आगाऊपणाचं वाटतं. घरच्या माणसाचं सुद्धा ठरवता येत नाही.

तात्या कायमचे परत आले तेव्हा आम्ही भावंडांनी घरी सत्यनारायण घातला, आळी जेवली, फोटो काढले. मग पाहुणे गेले आणि ती दोघं उरली. मी दर पंधरवड्याला जायचे आणि बघायचे. तात्या पहाटे चारला उठतात, भट्टीची सवय. आपला चहा आपण करतात, कप विसळून पालथा घालतात. आईला ते लागतं. जेवल्यावर ताट स्वतः धुवायला घेतात, तेही लागतं. त्यांना रात्री भात आणि पातळ, आंबट सार हवं असतं, ते मागत नाहीत, भाकरी खातात आणि निम्मी ठेवतात. सोप्यात दाराजवळच्या कॉटवर पाहुण्यासारखे बसतात. एकदा आंघोळ करून आले आणि ओला टॉवेल हातात धरून उभे राहिले. आईला म्हणाले, “हा कुठं वाळत घालू?” स्वतःच्या पैशानं बांधलेल्या घरात. आई काही बोलली नाही, टॉवेल घेतला आणि परड्यात गेली. मी तिच्या मागं गेले तर ती तारेवरचे सगळे कपडे एका बाजूला सारून जागा करत होती, अर्धी तार मोकळी होईपर्यंत.

एकमेकांवर रागावलेली नाहीत ती. उलट इतकी जपून वागतात की बघणाऱ्याचा जीव गुदमरतो. त्या मानानं माझं लग्न सांगलीतच झालं, आम्ही दोघं एकाच शहरात नोकऱ्या करतो, रोज भांडतो, रोज एका टेबलावर जेवतो. आमच्या दोघांचं असं एखादं गाणं नाही. हे मला पूर्वी कधी खटकलं नव्हतं.

मग शेवटी मी आईला विचारलंच. उन्हाचे दिवस होते, बियाण्यासाठी शेंगा फोडत माळवदावर बसलो होतो, तात्या खाली झोपले होते. म्हटलं, त्या दिवशी गाणं का बंद करायला लावलंस? आधी तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं. मग म्हणाली,

“गाणं कोण म्हणतंय ते?”

“खाँसाहेब.”

“बाप्या का बाई?”

“बाप्या.”

“मग.”

आणि शेंगा फोडत राहिली. मला काही कळलं नाही असं बघून, मान खाली घालूनच, थोड्या वेळानं म्हणाली, “ते हितं बसलेलं असताना कसं ऐकायचं? लाज वाटती.”

खाली येऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात उगीच भांडी लावत राहिले. तिनं सांगितलं होतं ते इतकं सरळ होतं. मी आयुष्यभर धरून चालले होते की हे आईचं मनोगत आहे, आईनं तात्यांना म्हटलेलं. तिच्या कानाला मात्र पहिल्यापासून एक पुरुष ऐकू येत होता. लांबच्या गावात बसलेला, तुझ्याविना मला चैन नाही म्हणणारा पुरुष. शब्दांत पिया असो नाहीतर काही असो, आवाज त्याचा. ती ते म्हणत नव्हती, ती ते ऐकून घेत होती. तात्यांच्या तोंडून ते कधी निघणार नव्हतं, म्हणून वर्षातून एक-दोन वेळा सांगली केंद्रावरून यायचं. त्या रात्री तिला भूक नसायची.

आणि तात्या तरी कसे बोलणार होते? त्यांची पत्रं मला आठवतात. इनलँड लेटर यायचं ते आजोबांच्या नावानं, म्हणजे तात्यांच्या वडलांच्या. बायकोच्या नावानं पत्र पाठवायची सोयच नव्हती, लोकांनी हसून घेतलं असतं. ते सोप्यात सगळ्यांसमोर वाचलं जायचं. तीर्थरूप आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार, मनिऑर्डर पाठवली आहे, बैलाचं काय ठरलं, इकडं पाऊस बरा आहे, मुलांना अनेक आशीर्वाद. आई दाराआड उभी. त्यात तिच्यासाठी असायचं ते ‘घरातील सर्वांस यथायोग्य’, त्यातल्या सर्वांत ती. वाचून झालं की उत्तर लिहायला मात्र तिलाच बसवायचे, कारण घरात मॅट्रिक झालेली तीच. आप्पा सांगणार, ती लिहिणार. नवऱ्याला पत्र ती लिहायची, पण मजकूर सासऱ्यांचा.

एवढ्यावर हे मी लिहायला घेतलंही नसतं. पण मागच्या आठवड्यात तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सांगलीत, आणि ते चार दिवस आमच्याकडं होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद, पेपर बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, “तुझ्या आईचं ते गाणं मोबाईलवर असतं ना, लाव.” मी लावलं. त्यांनी ते बसून ऐकलं, हात मांडीवर ठेवून, ती पिवळी नखं समोर. संपल्यावर म्हणाले, “हा माणूस आमच्या लाइनीवर वारला.”

मला माहीत होतं. २७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले खाँसाहेब, वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहान स्टेशनवर उतरले. फलाटावर बिछाना टाकला, नमाज पढला, तंबोरा लावून दरबारी गायले आणि तिथंच गेले, असं सांगतात. मग त्यांना मिरजेला आणलं, दर्ग्यात दफन केलं. हे आजोबांकडून आईला, आईकडून मला. पण तात्यांना? ते कधी गाण्याच्या वाऱ्याला उभे राहिले नव्हते.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या आईनं लिहिलं होतं. पत्राच्या कडंला, चिकटवायच्या पट्टीवर. बारीक अक्षरात. तुमच्या गाडीला अमुक स्टेशन लागतं का म्हणून.”

“मग?”

“मग काय. लागतंच ते, तांबरमच्या पुढं, चेंगलपट्टूच्या अलीकडं. पण आमची गाडी थांबायची नाही. एकदा मद्रासला माल पोचवून परत निघालो होतो. मुद्दाम थांबणारी गाडी धरली आणि उतरलो.”

मी विचारलं, काय होतं तिथं. ते म्हणाले, काय असायचं, स्टेशन होतं. बाकडं होतं, त्यावर बसलो. पुढची गाडी येईपर्यंत. एका पोर्टरनं विचारलं कुणाला घ्यायला आलाय का, म्हटलं नाही. नळ होता, पाणी प्यालो. फलाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघितला, कारण घरी कुणी विचारलं कसं आहे तर सांगता आलं पाहिजे. किती लांबीचा, किती झाडं, कुठं सावली. सगळं बघून ठेवलं होतं. दुकानात पोचायला रात्र झाली, मालक बोलला.

“मग सांगितलं का नाही आईला?”

“कसं सांगणार? पत्र आप्पा वाचायचे.”

“नंतर? सुट्टीत आल्यावर?”

ह्याला मात्र त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. पट्टी ठीक केल्यासारखं केलं. म्हणाले, तेव्हा तिनं विचारलं नाही. मला वाटलं, तिला आठवत नसेल.

हे मी आईला सांगावं की नाही, याचा मी फारसा विचार केला नाही. संध्याकाळी तिचा फोन आला, ड्रॉप किती वेळा घातले विचारायला. मी सांगून टाकलं. पलीकडून तिनं तीनदा विचारलं, “कुठं उतरलं होतं?” तिला वाटलं होतं ती ओळ पट्टी फाडताना फाटून गेली असणार. पुन्हा लिहायचा धीर झाला नाही. मग तिचा आवाज चढला, आणि मला त्या आवाजाचा फार आनंद झाला, कारण तात्यांवर ती असं ओरडलेली मी कधी ऐकली नव्हती. “इतकी वरसं! इतकी वरसं तोंडात काय मूग धरलं होतं? दे त्यास्नी फोन.” मी फोन दिला. तात्या आधी नुसते हूं हूं करत होते. मग खोलीत जाताना मला ऐकू आलं ते असं, की फलाट बुटका होता, उन्हाळा होता, आणि नळाला पाणी गोडं होतं.

गाणं ते घरात असताना अजून लागत नाही. काल मी मुद्दाम विचारलं, तर आई म्हणाली, “ते निराळं.” निराळं असू दे. पण तिला आता ते स्टेशन बघायचं आहे, आणि बघायचं तर २७ ऑक्टोबरलाच. तात्या नको म्हणतात. त्या दिवसांत तिकडं पावसाचे दिवस असतात, लोकल तुंबतात, संक्रांतीनंतर जाऊ, मिरजेहून आधी बंगळूर, मग मद्रास, एक दिवस मुक्काम, मग सकाळची लोकल, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचू, बाकड्यावर सावली असते तोवर. सगळा रस्ता त्यांनी मला कागदावर लिहून दिलाय, एका डोळ्यानं. आई म्हणते पाऊस तर पाऊस. खालचे दोन बर्थ मिळतात का बघ म्हणून तिचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला, आणि तात्या मागून सांगत होते की एवढ्या लांब भाकरी टिकत नाही, वाटेत इडली चांगली मिळते, ती खायची तयारी असेल तरच तिकीट काढ.